कोरड्या महिन्यांतली बेसलाइन आणि शेजारच्या विहिरी: एका गृहप्रकल्पाच्या ईआयएचं प्रकरण

हे प्रकरण एका निवासी प्रकल्पाच्या पर्यावरण परिणाम मूल्यांकनाचं आहे, ज्याला आपण सगळे सरळ ईआयए म्हणतो. त्या टीमची समन्वयक मी होते. जागा, माणसं, वर्ष काहीच ओळखू येऊ नये म्हणून नावं गाळलीत आणि मापं गोल केलीत, पण गणितं त्याच गोल मापांवर परत करून बघितलीत, त्यामुळे कोणाला ताळा करायचा असेल तर करता येईल. भूजल आणि पावसाचं पाणी यावर जास्त लिहिलंय, कारण सगळं तिथेच अडलं होतं. हवा, आवाज, कचरा हे विषयही रिपोर्टमध्ये होते आणि ते ठीक झाले, त्यावर इथे फार वेळ घालवत नाही.

पार्श्वभूमी

जागा ३ हेक्टरची, हलक्या उताराची. वरच्या अंगाला रस्ता, खालच्या अंगाला जुनी बैठी घरं, त्यातल्या बऱ्याच घरांच्या स्वतःच्या विहिरी, आणि त्याच्याही खाली एक छोटा ओढा. जागेवर पूर्वी बाग होती, नंतर बरीच वर्षं नुसतं गवत आणि जुनी झाडं. प्रकल्प म्हणजे ४५ मीटर उंचीच्या सहा इमारती, आणि सगळ्यांच्या खालून एकच सलग दोन मजली बेसमेंट, पार्किंगसाठी. बेसमेंटचा पसारा १२,००० चौरस मीटर, खोदाई साडेसात मीटर खोल. जागेच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात क्लबहाउस आणि सांडपाणी शुद्धीकरण प्लांट दाखवला होता, आणि प्लांट तिथे ठेवण्यामागचं आर्किटेक्टचं कारण बरोबरच होतं, सांडपाणी उताराने आपोआप तिकडे जातं, पंप लागत नाही.

आम्हाला बोलावलं तेव्हा लेआउट ठरून गेलेला होता. पहिल्याच मीटिंगमध्ये विकासकाच्या प्रोजेक्ट मॅनेजरनी सांगितलं की डिझाइन फ्रीज आहे, तुम्ही रिपोर्ट तेवढा करा, दोन महिने आहेत. आम्ही हो म्हणालो. हा पहिला निर्णयाचा क्षण होता आणि तो तेव्हा आम्हाला निर्णय वाटलासुद्धा नाही, कारण बहुतेक कामं अशीच येतात. पण ईआयए ही कल्पनाच मुळात डिझाइन ठरायच्या आधी विचार करण्यासाठी आली. अमेरिकेत नेपा कायद्यावर, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यावर, १ जानेवारी १९७० ला सही झाली तिथून ही पद्धत सुरू झाली, आणि तिकडच्या १९७८ च्या नियमांमध्ये पर्यायांच्या प्रकरणाला अख्ख्या रिपोर्टचं हृदय म्हटलं होतं. डिझाइन फ्रीज असेल तर पर्यायांच्या प्रकरणात लिहिणार काय, तर पेंटचा रंग आणि लाइटचे दिवे.

तरीही आम्ही नेहमीच्या क्रमाने गेलो. आधी स्कोपिंग, म्हणजे कुठले परिणाम खोलात बघायचे ते ठरवणं, मग बेसलाइन, म्हणजे आज जागेवर हवा पाणी आवाज झाडं पक्षी माती काय अवस्थेत आहेत त्याची मोजणी, मग परिणामांचा अंदाज, मग उपाय, आणि शेवटी देखरेखीचा आराखडा.

स्कोपिंगच्या तक्त्यात भूजलासमोर आम्ही "कमी" लिहिलं. त्याचं कारण जिओटेक रिपोर्ट, म्हणजे पायासाठी केलेल्या माती तपासणीचा रिपोर्ट. चार बोअर घेतले होते, पाणी ७ मीटरवर लागलं होतं, बेसमेंट साडेसात मीटर, म्हणजे तळाशी अर्धा मीटर पाण्याचा प्रश्न, थोडं पंपिंग की झालं.

अडचण

बोअर कोरड्या महिन्यांत घेतले होते. आमची बेसलाइनही त्याच महिन्यांत झाली. रिपोर्टमध्ये तारखा होत्या, सगळ्यांनी वाचल्या होत्या, पण "पाण्याची पातळी ७ मीटर" हा आकडा एकदा तक्त्यात बसला की तो त्या जागेचा कायमचा गुणधर्म असल्यासारखा पुढच्या प्रत्येक प्रकरणात कॉपी होत गेला, भूजलाच्या प्रकरणातून पायाच्या प्रकरणात, तिथून बांधकामाच्या नियोजनात.

मग शेजाऱ्यांबरोबरची बैठक झाली. बरेच प्रश्न ट्रॅफिक आणि धुळीचे होते. शेवटी मागच्या रांगेतल्या एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, तुम्ही जिथे क्लबहाउस काढलंय ना, तिथे पावसाळ्यात गुडघाभर पाणी असतं, आम्ही लहानपणी बेडूक बघायला जायचो, आणि ते पाणी उतरलं की आमच्या विहिरी भरलेल्या असतात. प्रोजेक्ट मॅनेजर म्हणाले, आजी, आम्ही शास्त्रीय पाहणी केलीय, नोंद घेतो. त्या खाली बसल्या.

आमच्या टीममधली मातीचं काम करणारी मुलगी त्या रात्री बोअरच्या नोंदी परत काढून बसली. खालच्या कोपऱ्यातल्या बोअरच्या नोंदीत अडीच ते तीन मीटरच्या पट्ट्यात लिहिलेलं होतं, राखाडी माती, गंजाच्या रंगाचे ठिपके. जमीन वर्षातले काही महिने पाण्याने तुडुंब आणि काही महिने कोरडी असेल तर मातीतलं लोह आधी सुटतं आणि नंतर हवा लागली की गंजून ठिपक्यांनी बसतं, त्यामुळे हे ठिपके म्हणजे पाणी कुठपर्यंत चढतं त्याची मातीने स्वतः ठेवलेली खूण असते. ड्रिलिंग करणाऱ्या माणसाने ती प्रामाणिकपणे लिहून ठेवली होती. जिओटेकच्या सारांशात ती आली नाही, आणि आम्ही सारांश वाचला होता. त्या कोपऱ्यातल्या झाडोऱ्याच्या यादीतही लव्हाळा होता, जो ओल धरणाऱ्या जमिनीत येतो, म्हणजे आमच्याच दोन वेगळ्या प्रकरणांमध्ये पुरावा पडून होता आणि ती दोन प्रकरणं लिहिणारी माणसं एकमेकांशी बोललीच नव्हती.

याने काय फरक पडतो ते आकड्यात सांगते. खोदाई कोरडी ठेवायची तर पाणी तळाच्या अर्धा मीटर खाली न्यावं लागतं. पाणी ७ मीटरवर असेल तर ते फक्त १ मीटर खाली खेचायचं. अडीच मीटरवर असेल तर साडेपाच मीटर. पंपिंगचा परिणाम किती लांब जाणवेल यासाठी सिचार्टचा एक जुना ठोकताळा वापरतात, पाणी जितके मीटर खाली खेचायचं त्याला ३००० ने गुणा आणि मग जमिनीच्या पाझरक्षमतेच्या वर्गमुळाने गुणा, पाझरक्षमता मीटर प्रति सेकंद या मापात. जिओटेकने पाझरक्षमता मातीच्या वर्णनावरून धरली होती, एका मीटरचा एक लाखावा भाग. तेवढी धरली तर १ मीटर खेचायला परिणाम साधारण १० मीटरपर्यंत जातो, म्हणजे कुंपणाच्या आतच. आमचं "कमी" इथून आलं होतं. तीच पाझरक्षमता आणि साडेपाच मीटर धरले की ५२ मीटर होतात. सगळ्यात जवळची विहीर ९० मीटरवर होती, त्यामुळे हा आकडा बघूनही एखाद्याला निवांत वाटलं असतं.

पण ती पाझरक्षमता मोजलेली नव्हती, अंदाजाची होती.

पहिला मोठा निर्णय: थांबायचं की सबमिट करायचं

या टप्प्यावर रिपोर्ट ८० टक्के लिहून झाला होता. विकासकाचं म्हणणं असं की मोजणी नियमाप्रमाणे एका हंगामाची झालीये, रिपोर्ट द्या, पुढे काही निघालं तर बांधकामात बघू. त्यांच्या बाजूनेही विचार करायला हवा, जागेवर कर्ज होतं, रोज व्याज चालू होतं, आणि आम्हीच दोन महिने कबूल केले होते.

आमच्यातही एकमत नव्हतं. टीममधल्या एका सीनियर सहकाऱ्यांचं मत होतं की रिपोर्टमध्ये मर्यादा स्पष्ट लिहून सबमिट करावं, मंजुरी देणारी समिती हवं तर जास्तीची मोजणी मागेल. मला ते पटलं नाही, कारण मर्यादा पान नंबर दोनशे काहीतरीवर लिहिलेली असते आणि निष्कर्ष पहिल्या पानावर, आणि समितीपुढे एका दिवसात बरेच प्रकल्प असतात. आम्ही शेवटी लेखी कळवलं की भूजलाच्या प्रकरणावर आम्ही या माहितीवर सही करू शकत नाही, बाकी प्रकरणं तयार आहेत. पत्र पाठवताना काम जाणार असं धरूनच चाललो होतो.

पत्राने काम झालं नाही. काम झालं स्ट्रक्चरल इंजिनिअरमुळे. त्यांना आम्ही वेगळं भेटलो आणि फक्त विचारलं की पाणी अडीच मीटरवर आलं तर रिकाम्या बेसमेंटच्या तळाला खालून किती दाब येईल. पाच मीटर पाण्याचा दाब म्हणजे दर चौरस मीटरला जवळपास ५ टन वर ढकलणारा जोर. इमारतींच्या खाली ठीक आहे, वर वजन असतं, पण दोन इमारतींच्या मधल्या मोकळ्या अंगणाखालचं बेसमेंट, ज्याच्यावर नुसती माती आणि लॉन, ते उचललं जाऊ शकतं. त्यांचं डिझाइन ७ मीटरच्या पातळीवर केलेलं होतं. दुसऱ्या दिवशी विकासकाकडून फोन आला की पावसाळ्यातली मोजणी करा. पर्यावरणाच्या भाषेत सांगितलेली गोष्ट जी दोन आठवडे अडून होती ती स्ट्रक्चरच्या भाषेत एका दिवसात सुटली. मला याचं तेव्हा वाईट वाटलं होतं, आता वाटत नाही, शेजाऱ्यांच्या विहिरी वाचणं महत्त्वाचं होतं.

साधारण चार महिने गेले. आठ निरीक्षण बोअर घेतले, त्यात पाण्याची पातळी आपोआप नोंदवणारी यंत्रं सोडली, आणि एक व्यवस्थित पंपिंग टेस्ट, म्हणजे पाणी उपसून पातळी किती उतरते त्याची मोजणी, केली. पावसाळ्यात पाणी अडीच मीटरवर आलं, बरोबर ठिपक्यांच्या पट्ट्यात. आणि पाझरक्षमता अंदाजाच्या दहापट निघाली, कारण चिकणमातीच्या खाली वाळू आणि गोट्यांचा एक थर होता. आता तोच ठोकताळा लावला तर परिणामाची त्रिज्या १६५ मीटर. ९० मीटरवरची विहीर सोडाच, पहिल्या तीन रांगांमधली घरं त्यात येत होती. शिवाय पाणी एक मीटर उतरलं की खालच्या मातीवर साधारण १० किलोपास्कल जास्तीचा भार येतो, आणि ती घरं जुनी, उथळ पायाची, म्हणजे जमीन खचून तडे जाण्याची भीती.

पावसाच्या पाण्याचं गणितही याच काळात नीट झालं. रनऑफचं, म्हणजे जमिनीवरून वाहून जाणाऱ्या पाण्याचं, साधं सूत्र, गुणांक गुणिले पावसाची तीव्रता गुणिले क्षेत्र. गवताळ जमिनीला गुणांक, म्हणजे पावसातला वाहून जाणारा हिस्सा, ०.३ धरला, बांधकामानंतर छप्पर आणि फरसबंदी मिळून ०.७५. तासाला ६० मिलिमीटर पाऊस धरला तर आज जागेवरून सेकंदाला ०.१५ घनमीटर पाणी वाहतं, नंतर ०.३७५ वाहणार, अडीचपट. खालच्या वस्तीतून ओढ्याकडे जाणारा पाइप ६०० मिलिमीटरचा, ४०० ला १ उताराचा, तो पूर्ण भरून वाहिला तरी सेकंदाला ०.३ च्या आसपास, आणि त्यात रस्त्याचं पाणी आधीच येतं. म्हणजे एक तासाच्या पावसात ८१० घनमीटर जास्तीचं पाणी कुठेतरी जाणार होतं, आणि ते कुठे तर त्या आजींच्या अंगणात. खालचा कोपरा इतकी वर्षं हेच पाणी धरून ठेवत होता आणि सावकाश जमिनीत सोडत होता, आणि आम्ही त्याच्यावर क्लबहाउस काढलं होतं.

पर्याय

चार पर्याय टेबलावर आले. आता डिझाइन फ्रीज आहे असं कोणी म्हणत नव्हतं.

पहिला म्हणजे दोन मजली बेसमेंट तसंच ठेवायचं आणि पंपिंगचं पाणी गाळून कुंपणालगतच्या पुनर्भरण खड्ड्यांमधून परत जमिनीत सोडायचं. कागदावर छान दिसतं. पण गढूळ पाण्याने असे खड्डे लवकर बुजतात, आणि पंप बंद पडला किंवा खड्डा बुजला की त्याची किंमत शेजारी मोजणार, विकासक नाही. शिवाय बांधून झाल्यावर बेसमेंट कायम पाण्यात, उचलण्याचा जोर कायम.

दुसरा, खोदाईच्या चारी बाजूंनी खालच्या कठीण थरापर्यंत काँक्रीटची भिंत, म्हणजे बाहेरचं पाणी आत येणारच नाही. ठेकेदाराला हा सगळ्यात आवडला होता. मला तो सगळ्यात धोक्याचा वाटला, कारण भूजल उताराने ओढ्याकडे वाहत होतं आणि ही भिंत त्याला आडवी येत होती. पाणी भिंतीच्या वरच्या बाजूला फुगतं आणि खालच्या बाजूला कमी पडतं, आणि हे बांधकामापुरतं नाही, इमारत उभी आहे तोवर. पंपिंग निदान कधीतरी थांबतं. या पर्यायाबद्दल ठेकेदाराच्या टिपणात "परिणाम शून्य" असं लिहून आलं होतं, कारण त्यात फक्त खोदाईच्या काळाचा विचार होता.

तिसरा, बेसमेंट एकच मजली, ४ मीटर खोल, आणि उरलेलं पार्किंग जमिनीवर पोडियममध्ये, म्हणजे इमारतींच्या खालच्या पार्किंगच्या मजल्यात. कोपरा मोकळा ठेवून तिथे साठवण तळं. क्लबहाउस पोडियमच्या छतावर. शुद्धीकरण प्लांट थोडा वर सरकवायचा, त्याला आता पंप लागणार आणि वीज गेली तर जनरेटर लागणार, हा तोटा आम्ही रिपोर्टमध्ये तसाच लिहिला.

चौथा, प्रकल्प छोटा करायचा, चारच इमारती. पाणी आणि ट्रॅफिक दोन्ही दृष्टीने हा सगळ्यात हलका होता. विकासकाने आर्थिक कारणाने नाकारला, आणि आम्ही तो जितका जोर लावून मांडायला हवा होता तितका मांडला नाही. तिसरा पर्याय मान्य होतोय हे दिसल्यावर आम्ही चौथ्याबद्दल बोलणं कमी केलं. काहीच न बांधण्याचा पर्यायही लिहिला, एका परिच्छेदात, जसा सगळे लिहितात.

तिसऱ्याच्या बाजूने एक गोष्ट अनपेक्षितपणे आली. मूळ रिपोर्टच्या ट्रॅफिकच्या प्रकरणात फक्त लोक राहायला आल्यावरच्या गाड्या मोजल्या होत्या. खोदाईची माती कुठेच मोजली नव्हती. १२,००० चौरस मीटर गुणिले साडेसात म्हणजे ९०,००० घनमीटर, खणल्यावर माती फुगते ते २५ टक्के धरले तर १,१२,५०० घनमीटर, १२ घनमीटरचा ट्रक धरला तर ९,३७५ ट्रक भरून बाहेर, आणि तितकेच रिकामे आत. ४ मीटर खोदाईला हाच हिशोब ५,००० ट्रकांवर येतो. त्या अरुंद रस्त्यावरच्या धूळ आणि आवाजाचं सगळं प्रकरण या एका निर्णयाने जवळपास अर्धं झालं, पाणी शिंपडणारी गाडी आणि ताडपत्री वगैरे उपाय लिहून इतका फरक कधीच पडला नसता.

पण पोडियममुळे इमारती साडेतीन मीटरने वर गेल्या. सूर्य ३० अंशांवर असताना ४५ मीटर इमारतीची सावली ७८ मीटर पडते, साडेअठ्ठेचाळीस मीटरची ८४. त्या सहा मीटरमध्ये शेजारच्या चार घरांची गच्ची येत होती. म्हणजे विहिरी वाचवताना आपण दुसऱ्याच चार घरांचं हिवाळ्याचं ऊन घेत होतो, आणि ती चार घरं विहिरीवाल्यांपैकी नव्हती. हे त्यांना जाऊन सांगावं की नाही यावर वाद झाला. आम्ही सांगितलं. नकाशा घेऊन गेलो, महिन्यानुसार सावली दाखवली. त्यांच्या हट्टामुळे त्या बाजूची इमारत दोन मजल्यांनी कमी झाली आणि ते मजले रस्त्याच्या बाजूच्या इमारतीवर गेले.

काय काय केलं

एक मजली बेसमेंट ठरलं. खोदाई कोरड्या महिन्यांतच करायची अशी अट घातली, कारण तेव्हा पाणी ७ मीटरवर असतं आणि ४ मीटर खोदाईला पंपिंग लागतच नाही. पावसाळ्यात लागलंच तर २ मीटर खेचावं लागेल आणि ठोकताळ्याप्रमाणे परिणाम ६० मीटर, म्हणजे ९० मीटरच्या विहिरीच्या अलीकडे.

तळं १,००० घनमीटरचं, बाहेर जाणाऱ्या तोंडाला एक स्टीलची प्लेट, त्याला २७ सेंटिमीटर व्यासाचं भोक. तळ्यात मीटरभर पाणी असताना त्या भोकातून सेकंदाला ०.१५ घनमीटरच जातं, म्हणजे आधी गवतावरून जेवढं जात होतं तेवढंच.

जुन्या झाडांसाठी मुळांचं क्षेत्र खोडाच्या व्यासाच्या १२ पट त्रिज्येचं धरलं, ब्रिटिश मानक ५८३७ मध्ये असंच आहे, म्हणजे ६० सेंटिमीटरच्या खोडाला ७.२ मीटर. पाइपांचे चर मूळ नकाशात खोडापासून दोन मीटरवरून जात होते, ते वळवले. ढोल्या असलेली झाडं रात्रीची पाहणी करून परत तपासली, कारण पहिली पाहणी दिवसाउजेडी झाली होती आणि वटवाघळं घुबडं दिवसा कुठे दिसणार.

निरीक्षण बोअर बुजवले नाहीत, तसेच ठेवले. त्या महिन्याच्या नेहमीच्या पातळीपेक्षा अर्धा मीटर खाली गेलं तर कळवायचं, एक मीटर खाली गेलं तर पंप बंद, कोणालाही न विचारता, साइट इंजिनिअरच्या अधिकारात. हे शेवटचं वाक्य आराखड्यात घालायला फार वेळ लागला, कारण विकासकाला "चर्चा करून निर्णय" हवं होतं.

निकाल

खोदाई वेळेत सुरू झाली आणि वेळेत संपली नाही. शेवटचा तिसरा हिस्सा पावसाळ्यात गेला, पंप लावावे लागले. दोन आठवड्यांनी एका निरीक्षण बोअरमध्ये पाणी अर्धा मीटर उतरलं, इशारा आला, पंपिंग कमी केलं, ते तिथेच थांबलं. पण त्याच आठवड्यात एक काका भांडायला आले, त्यांची विहीर आटली होती. त्यांचं घर खोदाईपासून ९५ मीटरवर, ६० मीटरच्या वर्तुळाच्या चांगलंच बाहेर.

ठोकताळा जमीन सगळीकडे सारखी आहे असं धरतो. इथे तो वाळू-गोट्यांचा थर म्हणजे ओढ्याची जुनी बुजलेली वाट होती, आणि ती काकांच्या अंगणाच्या दिशेने जात होती, त्यामुळे परिणाम वर्तुळात न पसरता त्या वाटेने एका पट्ट्यात गेला. आमच्या आठ बोअरपैकी तीन बोअरमध्ये तो थर होता, पाचात नव्हता, आणि ते तीन नकाशावर जोडले असते तर रेषा सरळ त्यांच्या घराकडे गेली असती. आम्ही पाझरक्षमतेचा एक आकडा काढला आणि वर्तुळ आखलं.

त्यात काकांच्या विहिरीची आधीची नोंदच नव्हती. बेसलाइनच्या वेळी ते घरी नव्हते, दाराला कुलूप होतं, सर्वेक्षकाने तसा शेरा लिहिला आणि परत कोणी गेलं नाही. मग विकासक म्हणतो विहीर आधीपासून कोरडी असेल, काका म्हणतात तीस वर्षांत कधी आटली नाही, आणि दोघांकडे कागद नाही. शेवटी शेजारच्या बोअरच्या नोंदींवरून आम्ही लेखी मत दिलं की पंपिंगमुळेच झालं असण्याची शक्यता जास्त आहे, आणि पंपिंग चालू असेपर्यंत पाण्याची सोय विकासकाने केली. पंप थांबल्यावर सहा आठवड्यांत विहिरीत पाणी आलं. काका तरी आमच्याशी नीट बोलत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

तळ्याचं म्हणाल तर ते सगळ्यात आधी खोदलं होतं आणि बांधकामाचा सगळा गाळ त्यात जाऊन बसला, लोक राहायला यायच्या आधी ते निम्मं भरलं होतं. गाळ काढायला लागला. आराखड्यात गाळासाठी वेगळा खड्डा हवा होता, तो नव्हता.

लोक राहायला आल्यावर दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या वस्तीत पाणी तुंबलं. जाऊन बघितलं तर तळ्याच्या तोंडाची प्लेट काढून टाकलेली. सोसायटीच्या कमिटीला वाटलं होतं की पाणी साचतंय म्हणजे ड्रेनेज तुंबलंय, डास होतील, म्हणून त्यांनी प्लंबरकडून ती काढून घेतली, त्यांच्या दृष्टीने चांगलंच काम केलं होतं. हस्तांतराच्या फायलीत आमचा आराखडा होता, कोणी उघडला नव्हता, आणि तो ज्या भाषेत लिहिला होता त्यात त्यांना तो कळलाही नसता.

परत केलं तर

लेआउटच्या आधी आत शिरल्याशिवाय काम घेणार नाही असं म्हणायला आवडेल, पण ते आपल्या हातात नसतं. हातात आहे ते एवढं, की पहिल्या मीटिंगमध्येच नुसत्या कंटूर नकाशावर, म्हणजे जमिनीचा चढउतार दाखवणाऱ्या नकाशावर, खालचा कोपरा दाखवून पावसाळ्यात इथे काय होतं एवढा प्रश्न विचारायचा, आणि तो शेजाऱ्यांना स्कोपिंगच्या आधी विचारायचा, रिपोर्ट लिहून झाल्यावरच्या बैठकीत नाही. आजींना आम्ही तीन महिने आधी भेटलो असतो तर चार महिने वाचले असते.

बोअरच्या मूळ नोंदी टीममधल्या प्रत्येकाने वाचायच्या, सारांश नाही, आणि माती, झाडोरा, पाणी या तीन प्रकरणांच्या लोकांनी एकदा एकत्र बसून नकाशावर खुणा करायच्या. यासाठी अर्धा दिवस पुरतो.

विहिरींची नोंद २०० मीटरपर्यंत प्रत्येक घराची करायची, दार बंद असेल तर परत जायचं, आणि नोंदीची एक प्रत सहीसकट मालकाकडे ठेवायची. पातळी, खोली, फोटो, तारीख. आणि पंपिंग टेस्टमधून एकच आकडा न काढता थर कुठल्या दिशेने पसरलाय ते आधी शोधायचं.

चौथ्या पर्यायाचं मनात राहिलंच आहे. चार इमारतींचा हिशोब आम्ही ट्रक, पाणी, सावली सगळं घालून पूर्ण मांडला असता तरी विकासकाने कदाचित नाकारलाच असता, पण समितीसमोर तो पूर्ण यायला हवा होता, आणि तो पूर्ण मांडणं आमचंच काम होतं.

प्लेट आता परत बसवलीये, यावेळी वेल्डिंग करून, समोर गाळ आणि पाला अडवायला जाळी लावून. शेजारी बोर्ड आहे, त्यावर साध्या मराठीत लिहिलंय की हे भोक मुद्दाम लहान आहे, मोठं केलं तर खालच्या घरांमध्ये पाणी जाईल, आणि जाळी दर पंधरा दिवसांनी साफ करावी. मजकूर सोसायटीच्या सेक्रेटरींनी आणि त्या आजींच्या नातवाने मिळून ठरवला. निरीक्षण बोअरपैकी दोन अजून चालू आहेत, त्यांची पातळी दर महिन्याला नातूच मोजतो आणि दोन्हीकडच्या ग्रुपवर टाकतो.